गिरणीवरचं ऑफिस आणि बिनप्लास्टरची घरं

आर्किटेक्टच्या ऑफिसात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. एक फरश्यांचे सॅम्पल आणि दुसरे किस्से. सॅम्पल निदान कुणीतरी तुळशीच्या कट्ट्याला लावायला मागून नेतं. किस्से कोण नेणार? ते चार माणसांत बसून आपले आपणच वाटून टाकावे लागतात!

आमचं ऑफिस कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर कपातला चहा थरथरतो. ड्रॉइंगवर पिठाचा पातळ थर कायमचा. माणसं तीन. मी, मेघा, आर्किटेक्ट. माझा कॉलेजातला मित्र विकी, तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. तालमीत वाढलेला गडी, दारातून आत येताना थोडा तिरका होतो. आणि सुरेखावहिनी. त्या फोन घेतात, कागदपत्रं बघतात आणि क्लायंटला जे आम्हाला तोंडावर सांगता येत नाही ते सांगतात.

पुण्यातली नोकरी सोडून इथं आले तेव्हा मी एकच ठरवलं होतं. घर बांधायचं ते इथल्या उन्हाला, इथल्या पावसाला आणि इथल्या दगडमातीला विचारून. दुबईच्या फोटोला विचारून नाही.

घरच्यांनी विचारलं, "आणि तसलं घर कुणी मागितलंच नाही तर?"

म्हटलं, "तर खाली गिरणी आहेच!"

*

आमचा पहिला क्लायंट चुकून आला.

आप्पासाहेबांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. एके दिवशी हातात ज्वारीची पिशवी घेऊन ते धापा टाकत जिना चढून आले आणि सुरेखावहिनींच्या टेबलावर पिशवी ठेवून म्हणाले, "दळण कवा मिळंल?"

वहिनी म्हणाल्या, "दळण खाली. वर घरं मिळत्यात."

आप्पासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. पुठ्ठ्याची मॉडेलं, भिंतीवरची ड्रॉइंग, कोपऱ्यातला जांभा दगड. खुर्ची ओढून बसले. "मग घरच द्या! प्लॉट घिऊन ठेवलाय कवापासनं."

लगेच मोबाईल काढून फोटो दाखवला. समोरची अख्खी बाजू काचेची. वरपासून खालपर्यंत काच. मी विचारलं, "तुमच्या प्लॉटचा रस्ता कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला."

"म्हणजे दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन सरळ हॉलमध्ये."

"एसी लावू की!"

मी तापमान सांगितलं, लाईटबिल सांगितलं, काच आतली उष्णता कशी धरून ठेवते ते सांगितलं. आप्पासाहेब मान डोलवत होते आणि फोटो पुढं सरकवत होते. शेवटी मी म्हटलं, "एक काम करू. उद्या दुपारी तीनला प्लॉटवर भेटू. येताना एक खुर्ची आणा."

एप्रिल महिना. आप्पासाहेब बायकोला घेऊन आले, प्लॅस्टिकची खुर्चीही आणली. जिथं त्यांची काच येणार होती तिथं मी खुर्ची मांडली. "बसा. हा तुमचा हॉल."

आप्पासाहेब बसले. जिद्दीचा माणूस, हलेना. टोपी काढली, परत घातली. रुमालानं मान पुसली. मी थर्मासमधला चहा दिला. एक घोट घेतला आणि म्हणाले, "चहा लई गरम हाय का मीच?"

त्यांच्या मिसेस कधीच प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली जाऊन पदरानं वारा घेत उभ्या होत्या. आप्पासाहेबांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा सूर्याकडं बघितलं. उठले. खुर्ची उचलली आणि तरातरा जाऊन बायकोशेजारी, झाडाच्या सावलीत मांडली. पाय पसरले. आणि तिथनं मला ओरडून सांगितलं,

"मॅडम, घर हितं सरकवा!"

*

त्या घराच्या पश्चिमेला आम्ही जांभ्याची जाड भिंत घातली, तिला लागून जिना आणि कोठीची खोली. बसाउठायचं सगळं कडुलिंबाच्या बाजूला. ते बघून हुपरीचे महादेवअण्णा आले. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घराघरात पैंजण बनतात. अण्णांना खाली कारखाना आणि वर घर असं बांधायचं होतं.

मी मोठ्या उत्साहात प्लॅन केला. समोरासमोर मोठ्या खिडक्या, इकडचा वारा तिकडं आरपार! कॉलेजात आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात.

अण्णांनी प्लॅन बघितला. "वारा आरपार जाणार?"

"एकदम!"

"मग माझी चांदी बी जाईल की! चुरा उडून शेजाऱ्याच्या अंगणात. शेजारी लई खूश हुईल!"

गॅसच्या ज्योतीवर बारीक काम करणाऱ्या माणसाला अंगावर वारा चालत नाही, हे मला सुचलंच नव्हतं. पण बिनवाऱ्याच्या, ज्योती पेटलेल्या खोलीत उन्हाळ्यात माणसं उकडून निघतात, हेही खरंच होतं. म्हणून मी हट्ट सोडला नाही. दोन-तीन दिवस हुपरीला जाऊन त्यांच्या जुन्या जागेत कामगारांशेजारी मांडी घालून बसले. माणूस खाली बसतो, त्याची ज्योत खाली असते, चुरा खाली असतो. गरम हवा मात्र वर जाते. मग खालची भिंत बंद ठेवली आणि छताखाली सगळीकडून विटांची जाळी केली. गरम हवा डोक्यावरून बाहेर, ज्योत जागच्या जागी. उजेड उत्तरेकडून, म्हणजे कामावर सावली पडत नाही.

अण्णा खूश झाले. "आता जमलं बगा!"

मी पण खुशीत येऊन म्हटलं, "आणि खाली फरशी इथल्याच काळ्या दगडाची. हातानं घडवलेली, खडबडीत. थोड्या मोठ्या फटी ठेवून. इतकी सुंदर दिसते!"

इतका वेळ अण्णांची बायको, सुशीलाकाकी, मागं उभ्या राहून ऐकत होत्या. रोज संध्याकाळी कारखान्याचा केर त्या स्वतः काढतात. त्या केरातनं चांदी परत निघते, म्हणून तो केर कुणी टाकत नाही. त्या पुढं झाल्या आणि ड्रॉइंगमधल्या फरशीच्या फटीवर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्या फटीत माझ्या लेकीचं लग्न जाईल की!"

*

जयवंत सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांना भिंती बिनप्लास्टरच्याच हव्या होत्या. चांगली भाजलेली वीट, नीट भरलेले सांधे, वर काही थापायचं नाही. आम्हाला असा क्लायंट म्हणजे सणच.

घर झालं. आणि पाहुणे यायला लागले.

पहिले मामा आले. भिंतीवरून हात फिरवला, सरांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "काय अडचण असंल तर मोकळेपणानं सांगायचं. आपण काय परके न्हाय."

सर म्हणाले, "अडचण नाही. घर पूर्ण झालंय."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला. हा हात सरांना फार लागला!

मग साडू आले. मग शेजारचे आले. जो तो बाहेर उभा राहून घराकडं बघणार आणि सुस्कारा सोडणार. दूधवाल्यानं विचारलं, "सर, प्लास्टर दिवाळीपर्यंत हुईल न्हवं?" सरांनी त्याला विटेची भिंत श्वास कशी घेते ते समजावून सांगितलं. दूधवाला दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर दूध जास्त घालून गेला. म्हणाला, "असू दे सर, दिवस येत्यात जात्यात."

सर चिडून आमच्या ऑफिसात आले. "मेघा, मी काय आता दारावर पाटी लावू?"

विकी म्हणाला, "सर, अर्ध्या भिंतीला प्लास्टर करू. म्हणजे लोकांना वाटेल काम चालू आहे!"

मी म्हटलं, "एक इंचही करायचं नाही." खरं सांगते, त्या वेळी आमची अशी चारच घरं उभी होती. त्यातल्या एकावर गिलावा चढला असता तर पाचवं उभंच राहिलं नसतं.

वास्तुशांतीला अडीचशे माणूस. मांडवात तीच कुजबुज. सरांच्या आई, माई, सकाळपासून ऐकत होत्या. भटजींनी आरतीसाठी माईक आणला होता. आरती संपली तशी माईंनी तो भटजींच्या हातातनं काढून घेतला. दोनदा फुंकर मारून बघितली.

"घर पूर्ण झालंय! प्लास्टर करायचं न्हाय, असं आमचं ठरलंय! पैसं हायत! जेवायला बसा!"

*

पावसाळ्यात आमचा फोन दिवसभर वाजतो. कौलारू घरं आम्ही बांधतो, त्यामुळं आभाळ भरून आलं की सगळ्यांना आमचीच आठवण. उतार किती, वळचण किती बाहेर, पश्चिमेच्या झडीला काय केलं, हे सगळं आम्ही शंभरदा तपासलेलं असतं. तरी फोन येतोच.

जुलैतली सकाळ. राधानगरीकडनं एक नवे क्लायंट फोनवर. आवाज एवढा मोठा की मला टेबलापलीकडं ऐकू येत होता.

"लई गळालंय वहिनी! धो धो! व्हरांड्यापाशी पाणीच पाणी!"

सुरेखावहिनींनी पेन बाजूला ठेवलं. "व्हरांड्याच्या कौलाखाली गळालंय का कौलाच्या भाईर?"

पलीकडं पावलांचा आवाज. माणूस बघायला गेला असावा. परत आला.

"भाईर."

"पावणं, त्याला पाऊस म्हणत्यात!"

*

हसण्यावारी न्यावं असं सगळंच नसतं. एक घर आम्ही फार जीव लावून केलं होतं. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका हॉटेलमालकांचं. सगळा जांभा. दगड मी स्वतः खाणीवर उभी राहून निवडला होता. पहिल्या पावसानंतर त्याचा रंग असा काही खुलला की विकी गाडी थांबवून नुसता बघत बसला.

वर्षभरानं त्या रस्त्यानं जाणं झालं. लांबनं घर दिसलं आणि मला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. जवळ गेलो तर खरंच चमकत होतं. सगळ्या भिंतींवर टाईल्स. आणि टाईल्सवर छापलेलं डिझाईन कसलं? तर जांभ्याचं!

खऱ्या जांभ्यावर जांभ्याच्या चित्राच्या टाईल्स!

मालक हसत बाहेर आले. "या, या मॅडम! कसं वाटतंय?"

विकीनंच विचारलं, "हे कशापायी?"

मालकांनी भिंतीवर कौतुकानं थाप मारली. "आधीचा बी चांगला हुता. पण आता कसं, एकदम वरिजनल वाटतंय!"

आम्ही परत फिरलो. पंचगंगेच्या पुलावर विकी म्हणाला, "सोडूया का हे सगळं? फ्लॅटच्या स्कीम करू. सुखानं जगू."

मी म्हटलं, "उद्या खाणीवर जायचंय. सातला तयार राहा."

तो तयार होता.

*

बँकेचं प्रकरण विकीनं मिटवलं. कसं, ते सांगते.

कागलच्या बाजूला एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं घर चाललं होतं. जागेवरचीच माती, त्यात थोडं सिमेंट, मशीनवर दाबून केलेल्या विटा. भाजायला जळण नाही, लांबनं काही आणायचं नाही, आणि आत मे महिन्यातही गार. मधल्या खोलीवर त्याच विटांची कमान. वर स्लॅब नाही. डॉक्टरीणबाई सकाळसंध्याकाळ येऊन त्या कमानीकडं मान वर करून बघायच्या आणि समाधानानं जायच्या.

कर्जासाठी बँकेचे एक साहेब बघायला आले. बॉलपेननं भिंत टोकरून बघितली. पेन मोडलं. तरी म्हणाले, "मातीचं म्हणजे कच्चं घर. कच्च्या घराला कर्ज बसत नाही."

मी टेस्टचे रिपोर्ट दाखवले. विकीनं गणित दाखवलं. साहेबांनी ते उलटं धरून बघितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. काम निम्म्यावर आलेलं, बँकेनं नाही म्हटलं तर तिथंच थांबणार.

साहेब चालत चालत मधल्या खोलीत गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "आणि ही कमान? ना लोखंड, ना स्लॅब. उद्या कोण वर चढलं तर?"

विकी बाहेर गेला. शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. मग शिडी करकरल्याचा. आणि मग वरनं, बरोबर साहेबांच्या डोक्यावरनं आवाज आला, "साहेब, दिसतोय का?"

"कोण हाय वर?"

"मीच. आता उडी मारतो."

आणि मारली! धप्प! परत धप्प! वरनं थोडी धूळ तेवढी साहेबांच्या केसांत पडली. कमानीला काही झालं नाही, त्याचं गणित विकीला तोंडपाठ होतं. पण साहेबांना नव्हतं ना! दोन्ही हात डोक्यावर धरून ते ओरडले,

"पक्कं हाय! पक्कं हाय! लिहून देतो, आधी उतरा!"

*

जयसिंगपूरच्या अलीकडं नेमूअण्णांचं जैन कुटुंब. शेती, शिवाय अडत दुकान. घर नेमूअण्णांनी बांधायला दिलं, पण खरा क्लायंट त्यांच्या आई. सगळे त्यांना अज्जी म्हणतात. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलतात आणि दोन्हीत कुणाचं ऐकत नाहीत.

प्लॅन मी समजावून सांगत होते. पश्चिमेची बाजू जवळजवळ बंद. संध्याकाळचं ऊन नको, पावसाची झड नको.

अज्जींनी विचारलं, "जेवायची जागा कुठली?"

मी दाखवली. अज्जी म्हणाल्या, "यल्ली बेळकु?"

नेमूअण्णा म्हणाले, "उजेड कुठाय, विचारालीय."

अज्जी सूर्य मावळायच्या आत जेवतात. आयुष्यात कधी चुकलं नाही. "दिवा लावून जेवायचं न्हाय. आन् दिवा न लावता ताटात काय पडलंय ते दिसलं पाहिजे. मला म्हातारीला डोळ्यानं कमी दिसतंय. तू भिंत घाललीस तर मी जेवू कुठं, शेतात?"

एकीकडं माझी पश्चिमेची भिंत, जी मी आप्पासाहेबांपासून कुणासाठी फोडली नव्हती. दुसरीकडं अज्जी. विकी कानात म्हणाला, "तू हरणार."

मी म्हटलं, "बघूच."

पंधरा दिवस कागद फाडले. मग लक्षात आलं की अज्जींना सगळ्या पश्चिमेचं ऊन नको आहे. मावळतीआधीचा शेवटचा तास तेवढा पाहिजे. तेव्हा सूर्य खाली आलेला असतो, ऊन मऊ झालेलं असतं. मग पश्चिमेला खोल व्हरांडा काढला, त्याचं छप्पर मुद्दाम खाली उतरवलं. दुपारचं ऊन कौलावर अडतं. सूर्य खाली गेला की छपराखालनं, बुटक्या खिडकीतनं सरळ जेवणाच्या पाटापर्यंत येतो. पावसाळ्यात झडीला लाकडी झडपा.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही नेहमीप्रमाणे उशिरा निघालो, शिरोलीच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो. सुरेखावहिनींचा मोबाईल वाजला. वहिनींनी स्पीकरवर टाकला. अज्जी.

"कुठं हायसा? सूर्य येऊन पानावर बसलाय! तुम्हीच राहिलाय!"

*

आता शिरोळचं.

शिरोळकडं नदीकाठची काळी जमीन आणि ऊस. पाऊस जास्त झाला की कृष्णेचं पाणी गावात येतं. तिथल्या एका गावातल्या मालनकाकी ऑफिसात आल्या. सोबत मुलगा सुभाष. काकी साठीच्या पुढच्या, हातात पाटल्या, आवाज शेतात हाक मारायचा. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला म्हशीसाठी घर पायजे. आम्ही काय, कुठं बी राहतो."

सुभाष ओशाळला. "आई, आधी आपलं घर सांग की."

"तेच सांगालोय न्हवं."

मागच्या महापुरात पाणी दारात आलं तेव्हा बचावाची नाव आली होती. नावेत माणसं बसतात, म्हशी बसत नाहीत. काकींनी तिन्ही म्हशींची दावी सोडली. "जावा म्हटलं, तुमचं तुमी बघा." दोन गेल्या. तिसरी, चंद्री, जाईना. काकींच्या मागनं पाण्यात चालत आली. नाव सुटली तरी पोहत नावेच्या मागं येत होती. काकी उडी टाकायला निघाल्या, सुभाषनं त्यांना धरून ठेवलं.

"किती लांब आली?" मी विचारलं.

"दिसत हुती तवर येत हुती," काकी म्हणाल्या.

खाली गिरणी चालू होती.

मग काकींनी पदर खोचला. "पाणी परत येणारच. नदीचा तो स्वभाव हाय, तिला शिव्या दिऊन काय उपेग? पर ह्या बारीला मी कुणाची दावी सोडणार न्हाय. असं घर बांधा."

आम्ही गावात गेलो. देवळाच्या भिंतीवर मागच्या पुराची खूण होती, तिच्यापेक्षा वर घर न्यायचं ठरलं. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. म्हणून पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत नेला. तळमजला नुसत्या दगडी खांबांवर, भिंतीच नाहीत. पाणी आलं तर अडणार नाही, इकडनं येईल, तिकडनं जाईल. एरवी तिथं ट्रॅक्टर आणि गोठा. वरच्या मजल्यावर राहायचं घर, आणि त्याला लागून मोठी मोकळी पडवी. त्या पडवीत म्हशी. आणि खालपासून पडवीपर्यंत लांब, संथ चढाचा दगडी उतार, म्हशीचा पाय घसरू नये म्हणून खरबरीत.

विकी गणित मांडत बसला होता. "इंजिनिअरांच्या कोडमध्ये माणसांच्या वजनाचा आकडा आहे, फर्निचरचा आहे, पुस्तकांचा आहे. म्हशीचा कुठनं आणू?"

काकी म्हणाल्या, "तूच उभा ऱ्हा की मदी! तेवढंच वजन भरंल!"

गाव हसलं. हसणारच. म्हशी माडीवर! पोरं येता-जाता ओरडायची, "काकी, म्हशीला गॅलरीत चहा दिला का?" सुभाषची बायको एकदा रडवेली होऊन मला म्हणाली, "माझ्या माहेरचे काय म्हणतील?" सुभाष तर दोनदा एकटा ऑफिसात येऊन गेला. "मॅडम, उताराऐवजी जिना दाखवा ना. आईला म्हणावं, बसत न्हाय उतार."

मी म्हटलं, "बसतोय तर बसत नाही असं कसं सांगू?"

घर झालं. काकींनी नव्या चार म्हशी घेतल्या आणि रोज संध्याकाळी पेंडीचं घमेलं हातात घेऊन त्या उताराच्या वरच्या टोकाला उभ्या राहायला लागल्या. पहिल्या दिवशी एकही म्हैस चढली नाही. आठवडाभर चढली नाही. काकी रोज उभ्या. मग एक चढली, तिच्यामागं बाकीच्या. पुढं पुढं हाक मारली की खडखडत वर यायच्या. पडवीच्या माळ्यावर कडबा भरून ठेवला. छपरावर पाण्याची टाकी होतीच.

दुसऱ्या वर्षी पाणी आलं.

दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि विकी बिस्किटं, औषधं, चादरी घेऊन निघालो, रस्ता संपेपर्यंत गेलो. पुढं सगळं पाणीच. काठावर उंचावर शाळा, तिथं गावातली माणसं आणून ठेवली होती. सुभाषची बायको मुलांना घेऊन तिथंच होती. पाणी वाढायला लागल्यावर काकींनी सगळ्यांना आधीच पाठवून दिलं होतं. स्वतः आणि सुभाष मागं राहिले होते.

"म्हशी सोडून येत न्हाय म्हणाल्या," ती सांगत होती. तिच्या कडेवरचं पोर रडत होतं. शाळेत सगळीकडं तान्ही पोरं रडत होती. रस्ते बंद, डेअरीची गाडी येऊ शकत नव्हती, आणलेली दूधपावडर सकाळीच संपलेली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दोघं वर थांबली होती ती माझ्या ड्रॉइंगच्या भरवशावर. पाया खचला तर? पाणी खुणेच्या वर गेलं तर? विकी ओठ मिटून पाण्याकडं बघत होता. त्याच्या मनात तेच गणित चाललं असणार.

बचाव पथकाची नाव काकींना आणायला निघाली. मी त्या जवानांना सांगितलं, "काही करून घेऊन या. ऐकल्या नाहीत तर माझं नाव सांगा. म्हणावं, मॅडमनी बोलावलंय."

नाव उसाच्या शेंड्यांमधनं गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही काठावर उभे. सुभाषची बायको उभी. बराच वेळ काहीच नाही.

मग इंजिनचा आवाज आला. नाव वळली. मी टाचा उंच करून बघितलं. जवान दिसत होते. काकी नव्हत्या. सुभाष नव्हता.

सुभाषच्या बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

नाव काठाला लागली. पुढं बसलेला जवान जपून खाली उतरला. त्याच्या दोन्ही हातांत एक मोठी किटली होती, झाकणावर फडकं बांधलेली. त्यानं ती अलगद विकीच्या हातात दिली. किटली अजून कोमट होती.

"काकी कुठायत?" मी विचारलं.

"वर हायत. दोघं बी बरी हायत," तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, चला. तर म्हणाल्या, बसा, धार काढून होऊ दे. आम्ही बसलो. मग ही दिली. शाळेत लेकरं हायत, त्यांना पाजा म्हणाल्या."

"माझं नाव सांगितलं नाही?"

"सांगितलं की."

"मग?"

जवान दाढी खाजवत म्हणाला, "मग म्हणाल्या, मॅडमना सांगा, उद्या नाव पाठवताना किटली धुऊन पाठवा!"